न दिलेले दोन टोले

मित्रांनो, मी एक जुना पंच आहे. मैदानावर शिट्टी फुंकून भांडणं मिटवणारा पंच मी नव्हे. मी बसच्या तिकिटाला भोक पाडणारा, कंडक्टरच्या हातातला लोखंडी पंच. पकडीसारखे दोन दांडे, मध्ये एक स्प्रिंग, पुढे छोटासा जबडा आणि त्या जबड्यात एकुलता एक दात, एवढंच माझं रूप. तुम्ही मला पाहिलं नसेल. हल्ली तिकिटं यंत्राच्या पोटातून सरसर बाहेर येतात. त्यात तुमचा काही दोष नाही. पण माझ्यापाशी सांगण्यासारखं थोडं आहे, आणि आपणहून मला दुसरं काहीच करता येत नाही. म्हणून सांगतो.

माझा जन्म एका अवजारांच्या कारखान्यात झाला. तिथे पान्हे, पकडी, हातोड्या असे माझे पुष्कळ भाऊबंद होते. दणकट म्हणून त्यांचा मोठा तोरा होता. माझा दात मात्र एका चष्मेवाल्या कारागिराने हाताने घासला. आमच्या बस डेपोची खूण म्हणजे थेंबाच्या आकाराचं भोक. दुसऱ्या डेपोच्या पंचाने कुठे गोल, कुठे चौकोनी भोक पडायचं. कारागिराने शेवटी एका कागदावर मला दाबून पाहिलं, कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "झकास." आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती. अजून लक्षात आहे.

डेपोत मी ज्याच्या हाती पडलो, तो कंडक्टर नुकताच नोकरीला लागलेला होता. पहिल्याच दिवशी मी त्याच्या तळहाताला असा चिमटा काढला, की भर बसमध्ये तो "आई गं" म्हणून ओरडला. सगळी बस हसली. मग हळूहळू आमचं जमलं. दर शनिवारी तो माझ्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा आणि जुन्या बनियनच्या फडक्याने मला पुसायचा. त्याच्या अंगठ्याने माझ्या वरच्या दांड्यावर एक खळगा पाडला. लोखंडावर अंगठ्याने खळगा पाडायला किती वर्षं लागतात, याचा हिशोब तुम्हीच करा.

तिकिटाला भोक पाडणं हे माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं घंटेचं. आमच्या बसमधली घंटेची दोरी बारा महिने तुटलेलीच असायची. मग माझा कंडक्टर मला उभ्या दांड्यावर आपटायचा. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे चल. दोन टोल्यांना तो 'डबल' म्हणायचा. ड्रायव्हर एका कानाने ठार बहिरा होता, पण माझा आवाज त्याला बरोबर कळायचा. मी बोललो, की अख्खी बस थांबायची आणि मी बोललो, की अख्खी बस निघायची. उगीच बढाई मारत नाही, पण तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं.

कंडक्टरचा एक नियम होता. पंचाला पॅसेंजरने हात लावायचा नाही. लहान मुलं हट्ट करायची, "काका, एकदाच दाबू द्या ना!" तो मान हलवायचा. "नाही म्हणजे नाही. भोक पाडायचं काम कंडक्टरचं."

आमच्या मार्गावर अठरा स्टॉप होते. चौथा स्टॉप पाण्याच्या टाकीचा आणि सतरावा मोज्यांच्या कारखान्याचा. पाण्याच्या टाकीपाशी रोज सकाळी एक मुलगी चढायची आणि कारखान्यापाशी उतरायची. मोज्यांच्या टाचा शिवायचं काम ती करायची. ती बसेपर्यंत माझा कंडक्टर डबल देत नसे. मागून कुणीतरी ओरडायचंच, "अहो कंडक्टर, बसल्या त्या! आता सोडा गाडी!" आणि ती उतरताना तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय त्याने एकदाही डबल दिली नाही. इतरांचा मात्र एक पाय पायरीवर आणि एक हवेत असतानाच बस निघायची. मी सगळं पाहत होतो.

एकदा ती म्हणाली, "मला दाबू द्या ना एकदा."

"पॅसेंजरनं हात लावायचा नाही," कंडक्टर म्हणाला.

"आणि पॅसेंजर नसले तर?"

त्याचे कान लाल झाले आणि त्या गडबडीत त्याने पुढच्या माणसाच्या तिकिटाला दोन भोकं पाडली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर ती हात पुढे करून हसत म्हणाली, "आता तर मी पॅसेंजर नाही." तरीही त्याने मला खिशात टाकलं. "नियम तो नियम," म्हणाला. ती पोट धरून हसली. तेव्हापासून हे त्यांच्यातलं लाडकं भांडण झालं. एवढ्या मोठ्या संसारात त्याने तिला हवं ते दिलं, मला मात्र कधी तिच्या हाती दिलं नाही.

मग यंत्रं आली. डेपोतला भांडारवाला म्हणाला, "हे जमा करून मी तरी काय करू? घेऊन जा घरी, आठवण म्हणून." आणि मी घरी आलो. माझी रवानगी कपाटाच्या खणात झाली. तिथे संपलेल्या बॅटऱ्या होत्या, शर्टाची सुटी बटणं होती आणि किल्ली हरवलेलं एक कुलूप होतं. ते कुलूप दिवसभर रडगाणं गायचं. सुरुवातीला शनिवारी खण उघडायचा आणि तेलाचा थेंब मिळायचा. पुढे कधीतरी एक शनिवार चुकला. मग दोन चुकले. मी मनात म्हटलं, कामात असेल. तो कसल्या कामात असणार होता? त्याचं विसरणं तिथूनच सुरू झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच्या बायकोला झटका आला, तो असाच एका सकाळी, चहाचा कप हातात असताना. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डावा हात आणि डोळे तेवढे राहिले. त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावात नोकरी करते. घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिन्याला चाळीस पायऱ्या. लेकीने महिनाभर रजा काढली, खूप धडपड केली आणि शेवटी दोघांना एका वृद्धनिवासात आणायचं ठरवलं. सामान भरताना तिने खण उपसला आणि मला उचललं.

"बाबा, हा कशाला घ्यायचा?"

"असू दे," तो म्हणाला.

लहानपणी तिनेही माझ्यासाठी हट्ट केला होता आणि तिलाही मी मिळालो नव्हतो. तिने मला रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं.

वृद्धनिवास म्हणजे एक दुमजली इमारत. खाली जेवणाचं लांबलचक दालन, पत्र्याच्या खुर्च्या आणि भिंतीवर दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. तळमजल्यावर पश्चिमेच्या खोलीत बायकोची लोखंडी खाट होती. कंडक्टरची खाट पुरुषांच्या खोलीत, पण तो दिवसभर तिच्याच उशाशी बसायचा.

उन्हाळा लागला आणि तिथल्या माणसांचं बाहेर पडणं बंद झालं. सकाळी दहानंतर बागेचं दार लावून घेत. म्हातारी माणसं कंटाळून एकमेकांवर खेकसू लागली. तेव्हा आठवड्यातून तीनदा एक बाई येऊ लागली. खांद्याला मोठी कापडी पिशवी आणि पिशवीत रंगीत कागद, डिंक, दोरा आणि बोथट कात्र्या. सगळे तिला कागदताई म्हणायचे. ती म्हाताऱ्यांकडून उन्हाळ्याच्या सोप्या सोप्या वस्तू करून घ्यायची. घडीचे पंखे, पिवळी सूर्यफुलं, दोऱ्याला टांगायचे मासे, कलिंगडाच्या फोडी. जाड कागदाला भोक पाडायचं म्हटलं, की मात्र घोडं अडायचं. तिचं भोकं पाडायचं यंत्र दोन्ही हातांनी दाबावं लागे आणि थरथरत्या हातांना ते मुळीच दाद देत नसे.

तेव्हा माझा कंडक्टर उठला, खोलीत गेला आणि मला घेऊन आला. त्याचा अंगठा माझ्या खळग्यात बसला. कर्रक्! किती वर्षांनी मी कागद खाल्ला! कलिंगडासाठी काळ्या कागदातून पडलेले माझे थेंब अगदी बियांसारखे दिसले. कागदताईने तोंडात बोट घातलं. "अहो काका, बिया शोधत मी बाजार पालथा घातला, आणि त्या तुमच्या खिशात होत्या!"

त्या दिवसापासून मला पुन्हा चांगले दिवस आले. कंडक्टर खुर्च्यांच्या दोन रांगांमधून बसमधल्यासारखा चालायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "कुठून कुठं?" उत्तर दिल्याशिवाय भोक नाही. आधी लोक गोंधळले, मग त्यांना त्याची गोडी लागली. निवृत्त हेडबाई म्हणायच्या, "शाळेपासून घरापर्यंत. आणि वेळेवर पोचवा, उशीर चालणार नाही." जन्मभर टेलिफोनच्या केंद्रात फोन जोडणाऱ्या एक आजी होत्या. त्या म्हणायच्या, "मला कुठंच नको. फेरी मारून इथंच सोडा." पंख्यांना माझी भोकं पडत गेली आणि दालनात हसण्याचा आवाज येऊ लागला.

याच टेलिफोनवाल्या आजींनी एकदा आपला भोकाभोकांचा पंखा खिडकीत धरला. त्यांच्या मांडीवर उजेडाचे टिपके पडले. गंमत म्हणजे भोकं थेंबासारखी असूनही टिपके गोल. हेडबाईंनी लगेच तास घेतला. "छिद्र लहान असलं, की त्याचा आकार चालत नाही. सूर्य आपलंच चित्र काढतो."

कंडक्टर ते टिपके पाहत राहिला. त्याच्या मनात काय आलं, ते मला त्याच्या मुठीतून कळलं. त्याच्या बायकोच्या खोलीत दुपारी पश्चिमेचं ऊन शिरायचं आणि थेट तिच्या डोळ्यांवर यायचं. तिला कूस बदलता येत नसे. पडदा लावला, की खोलीत अंधार व्हायचा आणि ती अंधाराला घाबरून कण्हायची. उघडला, की डोळ्यांतून पाणी यायचं. दिवसभर हेच चालायचं. त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

"हिच्या खिडकीला असं करता येईल?" त्याने विचारलं.

"का नाही?" कागदताई म्हणाली. "पण तुमच्या पंचाचा जबडा आखूड आहे, काका. कागदाच्या मधोमध पोचायचा नाही. आपण दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करू आणि काठीला ओळीनं टांगू."

खिडकी झाकायला अठरा पट्ट्या लागणार होत्या. अठरा हा आकडा ऐकला आणि कंडक्टर हसला. एक पट्टी म्हणजे एक स्टॉप, असं त्याने ठरवून टाकलं. ज्या स्टॉपवर सकाळी जितकी माणसं चढायची, तितकी भोकं त्या पट्टीला; शेवटच्या स्टॉपला तेवढी उतरणाऱ्यांची. खाटेशेजारी बसून तो एकेक माणूस आठवायचा आणि बायकोला सांगायचा. "दवाखाना. इथं पाच. दोन नर्सबाई, तो खोकणारा म्हातारा, आणि ते जुळे भाऊ. आठवतात का गं, जुळे?" ती डोळे मिटून उघडायची. कर्रक्, कर्रक्. मित्रांनो, इतकं सुखाचं काम मी बसमध्येही केलं नव्हतं.

पण त्याच सुखात माझी तडफड सुरू झाली. एके दिवशी तो थांबला. "पुलानंतर कुठला स्टॉप गं?"

तिला माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. मला माहीत होतं. पुलानंतर लाकडाची वखार! तिथे चढणाऱ्यांच्या तिकिटांना मी तीस वर्षं चावलो होतो. पण मला वाचा नाही. माझ्या जबड्यात दात आहे, जीभ नाही. तो कासावीस होऊन तिच्याकडे बघत होता, ती कासावीस होऊन त्याच्याकडे बघत होती, आणि मी दोघांच्या मधे थंड लोखंड होऊन पडलो होतो. शेवटी त्याने डोळे मिटले, वळणावर बस झुकते तसा जरासा झुकला आणि म्हणाला, "वखार!" माझा जीव भांड्यात पडला. पण असं थांबणं वाढत गेलं. कधी तो एकाच पट्टीवर भोकांवर भोकं पाडत राहायचा आणि पट्टी फाटून जायची. मला थांबता येत नसे. हात दाबेल तिथे मी चावतो. माझा धर्मच तो.

तरी सतरा पट्ट्या झाल्या. मोज्यांच्या कारखान्याची तेवढी राहिली. तिथे कुणी चढायचं नाही, फक्त उतरायचं. त्या पट्टीवर त्याला एकच भोक पाडायचं होतं, तिचं. "ती उद्या," तो तिला म्हणाला. "नीट हात-तोंड धुऊन करू."

त्या संध्याकाळी तो उठून निघाला आणि खाटेच्या पायथ्याशी थबकला. तिथे चिमट्याला तिच्या औषधांचं कार्ड लटकत असे. जाड, पिवळसर, कडेला आकडे छापलेलं. तिकिटासारखंच. मित्रांनो, जन्मभर ज्याने समोर आलेल्या तिकिटाला भोक पाडलं, त्याच्या हाताने दुसरं काय करावं? त्याने कार्ड धरलं, मला लावलं आणि दाबलं. कागदाची चव वेगळी आहे, हे माझ्या दाताला कळलं. मी ओरडलोही असेन, पण लोकांना ते फक्त कर्रक् ऐकू येतं. संध्याकाळच्या गोळीची खूण माझ्या दाताखालून निघाली आणि कलिंगडाच्या बीसारखी फरशीवर पडली.

रोजची नर्स रजेवर होती. बदलीवर आलेली मुलगी नवखी होती. कार्डावर सकाळ होती, दुपार होती, संध्याकाळ नव्हती. तिने गोळी दिली नाही. सकाळी बायकोचा श्वास जोरात चालू झाला आणि डोळे उघडेनात. डॉक्टर आले, धावपळ झाली, दुपारपर्यंत तिने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "एका गोळीनं इतकं होत नसतं. त्यांची तब्येतच उतरतीला लागली आहे." पण कार्डावरचं थेंबासारखं भोक सगळ्यांनी पाहिलं होतं. तसं भोक पाडणारा त्या इमारतीत मी एकटाच.

व्यवस्थापिका बाईंनी लेकीला फोन लावला. कंडक्टर शेजारीच उभा होता आणि मी त्याच्या खिशात. लेकीचा रडवेला आवाज फोनमधून बाहेर येत होता. "काढून घ्या हो तो पंच त्यांच्याकडून. पाया पडते. आईला काही झालं तर ते स्वतःला माफ करायचे नाहीत." तिचं काही चुकलं नाही. बाईंचंही काही चुकलं नाही. बाईंनी हात पुढे केला. कंडक्टरने मला त्यांच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "माझ्याकडून काय झालं?" त्याला काहीच आठवत नव्हतं. काहीतरी वाईट झालं आहे आणि ते आपण केलं आहे, एवढंच त्याला कळत होतं. ते त्याचं तोंड मला पाहवलं नाही.

मी कार्यालयातल्या कपाटात गेलो. कुलूप लागलं. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं, त्यामुळे कपाटाला ओल यायची. तेल कुठलं मिळायला? माझ्या सांध्यात गंज शिरला. अंधारात मला फक्त ऐकू येत होतं. दुपारी दालनात कागदताईचा वर्ग भरायचा आणि मला कंडक्टरचं "कुठून कुठं?" ऐकू यायचं. मग माझ्या आवाजाऐवजी त्याच्या जिभेची टाळूवरची टिचकी. रिकाम्या मुठीने तो भोकं पाडत होता, आणि हेडबाई, टेलिफोनवाल्या आजी, सगळे आपले कोरे कागद पुढे करत होते. कुणी हसत नव्हतं.

पुढचं मला मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळलं. कागदताईने सतरा पट्ट्या खिडकीत टांगल्या. सतराव्या जागी फट राहिली. अठरावी पट्टी तिच्या पलीकडे होती, पण मधल्या त्या दोन बोटं फटीतून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि दुपारी काही वेळ नेमका बायकोच्या डोळ्यांवर पडायचा. कागदताई म्हणाली, "काका, तिथं कोरी पट्टी लावू का?" कंडक्टर म्हणाला, "नाही. कोरं तिकीट चालत नाही." त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. रोज ऊन आलं, की तो खिडकीला पाठ लावून त्या फटीसमोर उभा राहायचा. ऊन सरकलं, की तोही सरकायचा. तिच्या डोळ्यांवर सावली पडेल असा. व्यवस्थापिका बाई ते तीन आठवडे पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी पाहिलं, की त्याचा सदरा पाठीला घामाने चिकटला आहे, तरी तो हलत नाही. त्या तशाच कार्यालयात आल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

"माझ्यासमोर करायचं, काका," त्या म्हणाल्या. "एकच भोक. आणि लगेच परत."

त्याने मला हातात घेतलं. अंगठा बरोबर खळग्यात गेला. अंगठा काही विसरला नव्हता. कागदताईने पिवळी कोरी पट्टी त्याच्या दुसऱ्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"हा कुठला स्टॉप?"

कागदताईला स्टॉप ठाऊक नव्हते. बाईंना ठाऊक नव्हते. ज्या दोघांना ठाऊक होतं, त्या दोघांनाही वाचा नव्हती. एक मी आणि एक ती. त्याने डोळे मिटले, वळणावर झुकल्यासारखा झुकला. पुन्हा झुकला. काही आलं नाही. "पॅसेंजर उभं आहे," तो पुटपुटला, "आणि मला स्टॉप आठवत नाही."

तेव्हा खाटेवरून तिचा डावा हात उचलला गेला. हळूहळू, चादरीवरून सरकत तो माझ्याकडे आला आणि तळवा वर करून थांबला. तीच खोड. तोच जुना हट्ट.

सवयीने त्याने मला छातीशी ओढलं. "पॅसेंजरनं हात..." एवढं बोलला आणि थांबला. तिचा हात तसाच पुढे होता. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते मला सांगता येणार नाही. त्याने मला तिच्या तळहातावर ठेवलं.

पन्नास वर्षांनी मी तिच्या हातात आलो. मित्रांनो, आणि मी हललो नाही! तिने बोटं आवळली, पट्टी त्याने माझ्या जबड्यात धरली होती, सगळं जागच्या जागी होतं आणि गंजाने माझा सांधा धरला होता. ती दाबत होती, तिच्या कपाळावर घाम आला होता. मी आतल्या आत आकांत करत होतो, पण लोखंडाच्या आकांताने लोखंड हलत नाही. या एका भोकासाठी मी माझी आजवरची सगळी भोकं देऊन टाकली असती. तेवढ्यात तिच्या मुठीभोवती त्याची मूठ आली. दोघांनी मिळून दाबलं. आधी किरकिर झाली. मग कर्रक्.

पिवळा थेंब चादरीवर पडला.

तिने डोळे मिटून उघडले. त्याने पट्टी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर जुनी ओळख पसरली. "मोज्यांचा कारखाना," तो म्हणाला. "अगं, तुझा स्टॉप." आणि त्याने मला खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा. टण्ण.

थांब.

मला परत न्यायचं बाई विसरल्या, की मुद्दाम विसरल्या, मला ठाऊक नाही. अठरा पट्ट्या खिडकीत लागल्या. दुपारी टिपके आधी फरशीवर उतरायचे, मग खाटेवर चढायचे, मग समोरच्या भिंतीवर. तिच्या चेहऱ्यावरून अख्खा मार्ग जायचा आणि तिच्या डोळ्यांना काही टोचत नसे. चार दुपारी तिने तो प्रवास केला. पाचव्या दुपारी टिपके भिंतीवर पोचले, तेव्हा ती उतरून गेली होती. लेक आली, पुष्कळ रडली. जाताना तिने मला हातात घेतलं आणि मुकाट्याने पुन्हा बाबांच्या खिशात ठेवलं.

आता त्या खाटेवर कुणी नाही. कंडक्टर मात्र रोज दुपारी तिथे जाऊन बसतो. टिपके चढू लागतात. सतराव्या पट्टीचा एकुलता एक टिपका उशीवर आला, की तो मला दांड्यावर एकदा आपटतो. मग मला दांड्यापासून अंगठाभर अंतरावर उचलून धरतो आणि वाट पाहतो. काल कागदताई दारातून म्हणाली, "काका, चला ना, सगळे वर्गात खोळंबले आहेत." त्याने मान वळवली नाही. "थांबा जरा," म्हणाला. "माणूस उतरतंय."

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाताला काहीतरी येत असतं. शिवण येत असेल, गाठ मारणं येत असेल, नुसतं भोक पाडणं येत असेल. डोकं विसरलं तरी ते हात विसरत नाहीत. त्यांच्या हातातली वस्तू काढून घ्यावी लागली, तर घ्या, पण ती ओलीच्या कपाटात टाकू नका. तिला तेलाचा एक थेंब द्या. आणि त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसा, म्हणजे भलत्या कागदाला भोक पडणार नाही.

माझ्यासाठी मात्र तुम्हाला काही करता यायचं नाही. मी त्याच्या मुठीत आहे, दांडा समोर आहे. डबल द्यावी की न द्यावी, हे मी त्याला सांगू शकत नाही, आणि ती मला आपणहून देता येत नाही. टिपका उशीवरून भिंतीवर जातो, भिंतीवरून विझून जातो. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याचं त्याला अजून दिसलेलं नाही, आणि आमची बस मोज्यांच्या कारखान्यापाशी उभी आहे.